राज्यांची संमती आणि रायपूरचे एक मत

छत्तीसगढ राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले ते संसदेच्या एका साध्या कायद्यामुळे. मध्य प्रदेश पुनर्रचना अधिनियमाने जिल्हे वाटले, नोकरवर्ग वाटला, देणी-येणी वाटली. राज्यसभेच्या सोळा जागांपैकी अकरा मध्य प्रदेशाकडे ठेवून पाच नव्या राज्याला दिल्या. त्यामुळे संविधानाच्या पहिल्या आणि चौथ्या अनुसूचीत बदल झाला, पण कायद्याच्या दृष्टीने ती घटनादुरुस्ती नव्हती, आणि दुसऱ्या कोणत्याही राज्याची संमती घेण्याची गरज पडली नाही. त्या डिसेंबरात राजकुमार कॉलेजच्या आवारात पहिल्यांदा भरलेल्या रायपूरच्या विधानसभेला मात्र एक मोठा अधिकार आपोआप मिळाला. संघराज्याच्या पायाला हात घालणारी घटनादुरुस्ती निम्म्या राज्यांच्या संमतीशिवाय पूर्ण होत नाही, आणि त्या मोजणीत छत्तीसगढचे एक मत धरले जाते. ४०३ आमदारांच्या उत्तर प्रदेशालाही एकच मत, ९० आमदारांच्या छत्तीसगढलाही एकच आणि ३२ आमदारांच्या सिक्कीमलाही एकच.

या अधिकाराची चर्चा वर्षानुवर्षे विधी महाविद्यालयांपुरती राहिली. वस्तू व सेवा कर, न्यायाधीशांच्या नेमणुका, सहकारी संस्था, महिला आरक्षण आणि आता एकत्रित निवडणुका या विषयांनी ती गेल्या दशकात पुन्हा वर आणली. आज ती कुठे येऊन थांबली आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

परंतुकाची कक्षा

घटनादुरुस्तीची पद्धत अनुच्छेद ३६८ मध्ये आहे. दोन्ही सभागृहांत स्वतंत्रपणे, एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश, एवढे पाठबळ मिळाले की बहुतेक दुरुस्त्या राष्ट्रपतींकडे जातात. त्याच अनुच्छेदाच्या परंतुकात काही विषय वेगळे काढले आहेत. राष्ट्रपतींची निवडणूक, केंद्र आणि राज्य यांच्या कार्यकारी अधिकारांची व्याप्ती, सर्वोच्च व उच्च न्यायालये, केंद्र-राज्यांतील कायदे करण्याच्या अधिकारांची वाटणी, सातव्या अनुसूचीतल्या तिन्ही सूची, राज्यांचे संसदेतील प्रतिनिधित्व आणि खुद्द अनुच्छेद ३६८. यांपैकी कशातही बदल करायचा तर राष्ट्रपतींची सही होण्यापूर्वी किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांनी अनुसमर्थनाचा ठराव करावा लागतो. २०१६ साली या यादीत अनुच्छेद २७९-अ, म्हणजे वस्तू व सेवा कर परिषद, याची भर पडली.

यादीत काय नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. मूलभूत हक्क नाहीत. आणीबाणी नाही, राष्ट्रपती राजवटीचा अनुच्छेद ३५६ नाही. विधानसभेची मुदत ठरवणारा अनुच्छेद १७२ नाही. राज्यांच्या सीमा आणि नावे नाहीत. बस्तर आणि सरगुजाच्या आदिवासी भागांसाठी सर्वांत जिव्हाळ्याची असलेली पाचवी अनुसूचीही नाही. ती तर संसद साध्या कायद्याने बदलू शकते आणि तो बदल अनुच्छेद ३६८ खालची दुरुस्ती मानला जाणार नाही, असे त्या अनुसूचीतच लिहिलेले आहे.

संविधान सभेतला तोल

१९४८ च्या मसुद्यात हा विषय अनुच्छेद ३०४ मध्ये होता. त्यात प्रांतांसाठी निम्मे आणि संस्थानी राज्यांसाठी एक-तृतीयांश अशी दोन वेगवेगळी प्रमाणे होती. त्याशिवाय, राज्यपालाची निवड कशी व्हावी आणि विधिमंडळाला एक सभागृह असावे की दोन, एवढ्या मर्यादित बाबींत दुरुस्तीचा प्रस्ताव मांडण्याचा हक्क मसुद्याने राज्यांनाही दिला होता. अंतिम संविधानात तो राहिला नाही. आज कोणतेही राज्य घटनादुरुस्ती सुरू करू शकत नाही, फक्त संसदेकडून आलेल्या दुरुस्तीला संमती देऊ शकते किंवा देण्याचे टाळू शकते.

१७ सप्टेंबर १९४९ रोजी यावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तरतुदींचे तीन गट मांडले: साध्या बहुमताने बदलता येणाऱ्या, विशेष बहुमत लागणाऱ्या आणि त्याखेरीज राज्यांची संमती लागणाऱ्या. तिसरा गट त्यांनी मुद्दाम लहान ठेवला. केंद्र आणि राज्य यांचे अधिकार ज्या कलमांवर उभे आहेत, तेवढीच कलमे एकट्या केंद्राच्या हाती राहू नयेत, ही त्यामागची भूमिका. हरि विष्णू कामत आणि अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या दोन सदस्यांनी त्या दिवशी दुरुस्त्या सुचवल्या. रायपूर तेव्हा याच प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. प्रांतिक विधानसभेचे अध्यक्ष घनश्यामसिंह गुप्त दुर्गचे. संविधानाच्या हिंदी अनुवादाची समिती त्यांच्याच अध्यक्षतेखाली काम करत होती. संघराज्यातल्या राज्यांचे स्थान काय असावे, हा प्रश्न छत्तीसगढच्या माणसांपासून तेव्हाही दूर नव्हता.

सीमा बदलताना फक्त विचारणा

राज्याचे अधिकार बदलायचे तर निम्म्या राज्यांची संमती लागते, पण राज्यच बदलायचे, तोडायचे किंवा मिटवायचे तर खुद्द त्या राज्याचीही संमती लागत नाही. अनुच्छेद ३ नुसार राष्ट्रपती विधेयक त्या राज्याच्या विधिमंडळाकडे मत मागवण्यासाठी पाठवतात आणि मुदत घालून देतात. मत काय आले, याने संसद बांधली जात नाही.

मराठी माणसाला याचा अनुभव १९५६ सालीच आला. राज्य पुनर्रचना विधेयक विधिमंडळांकडे गेले तेव्हा त्यात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन घटक होते. संसदेने ते बदलून द्वैभाषिक मुंबई राज्य केले. नवा आराखडा पुन्हा राज्याकडे पाठवायला हवा होता, असे म्हणत बाबूलाल पराते न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली निकाल दिला की एकदा विचारणा झाली म्हणजे पुरे. दुरुस्तीगणिक पुन्हा विचारण्याचे बंधन नाही. त्याच १९५६ च्या फेररचनेत रायपूर आणि नागपूर यांची फारकत झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छत्तीसगढ भोपाळच्या मध्य प्रदेशात.

२००० साली छत्तीसगढबाबत वाद झाला नाही, कारण मध्य प्रदेशाचे विधिमंडळच राज्यनिर्मितीच्या बाजूचे होते. २०१४ साली तेलंगणाच्या वेळी आंध्र प्रदेश विधानसभेने विधेयक फेटाळले आणि तरीही राज्य झाले. संविधानाच्या शब्दांना धरून दोन्ही वेळा प्रक्रिया सारखीच वैध होती.

विधानसभेत नेमके काय होते

वस्तू व सेवा कराचे १२२ वे घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत ३ ऑगस्ट २०१६ रोजी आणि लोकसभेत ८ ऑगस्टला मंजूर झाले. राज्य सूचीतला विक्रीकर त्यात जवळजवळ विरघळून जाणार होता, त्यामुळे अनुसमर्थन अनिवार्य होते. संसदेचे सचिवालय विधेयकाची प्रत राज्यांच्या विधिमंडळांकडे पाठवते. तिथे मंत्री एका वाक्याचा ठराव मांडतात: संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेल्या अमुक विधेयकाने संविधानात होणाऱ्या दुरुस्तीचे हे सभागृह अनुसमर्थन करते. सदस्य बोलतात, मत घेतले जाते, प्रमाणित प्रत दिल्लीला जाते. ठरावाला साधे बहुमत पुरते. विधेयकातला स्वल्पविरामही विधानसभेला हलवता येत नाही.

आसामने १२ ऑगस्टला सुरुवात केली. बिहार आणि झारखंड मागोमाग आले. छत्तीसगढ विधानसभेने २२ ऑगस्टला अनुसमर्थन दिले. महाराष्ट्राने त्यासाठी २९ ऑगस्टला खास अधिवेशन बोलावले, गोव्याने ३१ ऑगस्टला ठराव केला. तेव्हा राज्ये २९ होती, म्हणजे १५ पुरेशी. ती संख्या सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत गाठली गेली आणि ८ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही झाली. लोकसभेच्या मंजुरीपासून मोजले तर एक महिना.

आता छत्तीसगढच्या नजरेने हा ठराव पाहू. हे कोळसा, पोलाद आणि सिमेंट काढणारे, बनवणारे आणि बाहेर पाठवणारे राज्य. नवा कर माल जिथे खपतो तिथे जमा होणार होता. त्यामुळे उत्पादक राज्याला महसुलाची खोट बसेल ही भीती उघड होती. भरपाई पाच वर्षे मिळेल, असे दुरुस्तीत लिहिले होते. पण ती कोणत्या वर्षाचा पाया धरून आणि किती वाढ गृहीत धरून मिळेल, हे २०१७ च्या स्वतंत्र कायद्याने ठरले: पाया २०१५-१६ चा, वार्षिक वाढ १४ टक्के. म्हणजे आमदारांनी ऑगस्ट २०१६ मध्ये हात वर केला तेव्हा सौद्यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा कायद्यात कुठेच नव्हता. मुंबई महापालिकेच्या जकातीचेही तसेच. अनुसमर्थन ऑगस्टमध्ये झाले, स्थानिक संस्थांना भरपाई देणारा राज्याचा कायदा पुढच्या वर्षी मे महिन्यात. भरपाईची मुदत ३० जून २०२२ रोजी संपली तेव्हा ती वाढवावी, अशी मागणी करणाऱ्यांत छत्तीसगढ सरकार होते. अनुसमर्थनाला जोडून अट घालण्याची सोय २०१६ साली नव्हती आणि आजही नाही.

जानेवारी २०२० चे उदाहरण अधिक बोलके आहे. लोकसभा आणि विधानसभांतील अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांची मुदत २५ जानेवारी २०२० रोजी संपत होती. ती दहा वर्षांनी वाढवणारे १२६ वे घटनादुरुस्ती विधेयक संसदेत मंजूर झाले १२ डिसेंबर २०१९ ला. राज्यांच्या हाती जेमतेम सहा आठवडे उरले. छत्तीसगढच्या ९० जागांपैकी २९ अनुसूचित जमातींसाठी आणि १० अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. सभागृहाचा जवळजवळ अर्धा चेहरा या ठरावावर अवलंबून होता. रायपूरला जानेवारीच्या मध्यावर विशेष अधिवेशन झाले आणि अनुसमर्थन दिले गेले. त्याच विधेयकात अँग्लो-इंडियन समाजाच्या नियुक्त सदस्यत्वाची तरतूद पुढे न वाढवता संपवलेली होती. छत्तीसगढ विधानसभेतही असा एक नियुक्त सदस्य असे. एखाद्या आमदाराला राखीव जागा चालू राहाव्यात आणि हे नियुक्त पदही राहावे असे वाटत असेल, तर त्याला मत देण्याची सोय नव्हती. दोन वेगळे निर्णय एका होकारात बांधलेले होते.

घाईचे जुने उदाहरण १९७६ चे आहे. आणीबाणीतले ४२ व्या दुरुस्तीचे विधेयक नोव्हेंबरात संसदेत मंजूर झाले आणि निम्म्याहून अधिक राज्यांची संमती घेऊन १८ डिसेंबरला त्यावर सही झाली. शिक्षण, वने, वन्यप्राणी-संरक्षण हे विषय राज्य सूचीतून समवर्ती सूचीत गेले ते याच दुरुस्तीने. छत्तीसगढचे सुमारे ४४ टक्के क्षेत्र वनाखाली आहे. जंगलजमीन खाणीला द्यायची की नाही, याचा अंतिम शब्द आज दिल्लीत का लागतो, याचे मूळ त्या पाच-सहा आठवड्यांत सापडते. पुढे ४४ व्या दुरुस्तीने आणीबाणीतल्या अनेक गोष्टी मागे घेतल्या, पण वने आणि शिक्षण राज्यांकडे परतले नाहीत.

न्यायालयाचा हात

अनुसमर्थन लागत होते आणि घेतले नाही, असा आरोप सर्वोच्च न्यायालयापुढे अगदी सुरुवातीपासून होत आला. १९५१ चा शंकरीप्रसाद खटला आणि १९६५ चा सज्जनसिंह खटला यांत मांडणी अशी होती की जमीन सुधारणांना संरक्षण देणाऱ्या दुरुस्त्यांमुळे उच्च न्यायालयांचे अधिकार आकसतात, म्हणून त्या राज्यांकडे जायला हव्या होत्या. न्यायालयाने ती नाकारली. दुरुस्तीचा गाभा काय आहे ते पाहायचे; परंतुकातल्या विषयावर आनुषंगिक परिणाम होत असेल तर तेवढ्याने अनुसमर्थन लागत नाही, असा दंडक पडला.

दुसरा टप्पा पक्षांतरबंदीचा. १९८५ च्या ५२ व्या दुरुस्तीने दहावी अनुसूची आणली आणि तिच्या सातव्या परिच्छेदाने न्यायालयांना या प्रकरणांत हात घालण्यास मनाई केली. किहोटो होलोहान खटल्यात १९९२ साली पाचही न्यायमूर्तींना मान्य होते की हा परिच्छेद न्यायालयांचे अधिकार थेट काढून घेतो, म्हणून राज्यांची संमती हवी होती. मतभेद झाला तो परिणामावर. तिघांनी तेवढा परिच्छेद काढून बाकीचा कायदा राखला. दोघांचे म्हणणे असे की संमतीशिवाय सही झालेले विधेयक संपूर्णच बाद ठरते.

तिसरा निकाल महाराष्ट्राने आणि छत्तीसगढने बारकाईने वाचावा असा आहे. ९७ वी दुरुस्ती फेब्रुवारी २०१२ मध्ये लागू झाली. तिने संविधानात सहकारी संस्थांचा नवा भाग घातला: संचालक २१ पेक्षा जास्त नकोत, मुदत पाच वर्षे, महिला आणि मागास घटकांना राखीव जागा, वेळेवर लेखापरीक्षण. हेतू चांगला होता. पण सहकारी संस्था हा राज्य सूचीतला विषय. त्याच्या वीस वर्षे आधीची पंचायत राजची ७३ वी दुरुस्ती अशाच बांधणीची होती आणि ती राज्यांकडे पाठवली गेली होती. ही पाठवली नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१३ साली ती रद्द ठरवली. तोवर राज्ये कामाला लागली होती. महाराष्ट्राने १९६० चा सहकार कायदा २०१३ मध्ये बदलला, राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण नेमले, साखर कारखान्यांपासून गृहनिर्माण संस्थांपर्यंत सर्वांचे उपविधी फिरले. छत्तीसगढमध्ये तर गावोगावच्या प्राथमिक कृषी सहकारी समित्यांवर धानखरेदीचा सारा डोलारा उभा आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आला २० जुलै २०२१ ला. केंद्राचे म्हणणे होते की सूचीतल्या नोंदीचा एक शब्दही बदललेला नाही. न्यायालयाने म्हटले की नोंद तशीच ठेवून तिच्यातला राज्याचा अधिकार आतून बांधून टाकला, तरी ती त्या अधिकारात केलेली दुरुस्तीच. राज्यांतल्या सहकारी संस्थांपुरता तो भाग रद्द झाला. बहुराज्यीय संस्थांपुरता तो न्यायमूर्ती नरिमन आणि गवई यांनी राखला. न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांना तेही मान्य नव्हते; अख्खा भाग एकसंध आहे, तो अर्धा उरू शकत नाही, असे त्यांचे मत. १९९२ चा मतभेद जवळजवळ जसाच्या तसा परतला.

नऊ वर्षांनी लागलेल्या या निकालातला मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो तो असा: कोणती दुरुस्ती राज्यांकडे जायची, हे पहिल्या फेरीत एकटे केंद्र सरकार ठरवते. चूक झाली असेल तर ती कळते पाच, सात, नऊ वर्षांनी, आणि तोवर राज्यांनी त्या चुकीला धरून स्वतःचे कायदे बदललेले असतात.

मतप्रवाह

एक पक्ष म्हणतो, आहे ती व्यवस्था योग्य आहे. नव्याने एकत्र आलेल्या देशाला बदलाची वाट फार अरुंद ठेवणे परवडले नसते. राज्यांचा आवाज राज्यसभेत असतोच. विशेष बहुमत हाच मोठा अडसर आहे. आणि ज्या विषयांत राज्यांची संमती लागत नाही, तिथे १९७३ च्या केशवानंद भारती निकालापासून मूलभूत संरचनेचा पहारा आहे. १९९४ च्या बोम्मई निकालाने संघराज्य पद्धती त्या संरचनेत असल्याचे सांगितले. न्यायिक नियुक्ती आयोगाची ९९ वी दुरुस्ती सोळा राज्यांच्या संमतीनंतरही २०१५ साली रद्द झाली, त्यामुळे राज्यांची संमती हा शेवटचा शब्द नाही, याकडेही हा पक्ष बोट दाखवतो.

दुसऱ्या पक्षाला परंतुकाची यादी तोकडी वाटते. राज्याच्या सीमा, राष्ट्रपती राजवट, विधानसभेची मुदत हे राज्याच्या अस्तित्वाचे विषय. ते यादीबाहेर का? काही जण निम्म्याऐवजी दोन-तृतीयांश राज्ये मागतात. राज्यसभेचा आधार आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, असेही त्यांचे म्हणणे. २००३ साली सदस्याने त्या राज्याचा रहिवासी असण्याची अट काढली गेली आणि २००६ साली कुलदीप नय्यर खटल्यात न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. छत्तीसगढमधून २०२२ मध्ये बिनविरोध निवडून गेलेले दोन्ही सदस्य, राजीव शुक्ला आणि रंजीत रंजन, राज्याबाहेरचे होते. पक्ष कोणताही असो, हे सर्वत्र घडते. तमिळनाडूने राज्यांच्या स्वायत्ततेचा फेरविचार करण्यासाठी एप्रिल २०२५ मध्ये न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली ती याच अस्वस्थतेतून.

तिसरा विचार मोजणीचा आहे. गोव्याचे आणि महाराष्ट्राचे मत समान धरणे हे संघराज्याचे तत्त्व म्हणून बरोबर, पण थोड्या लोकसंख्येची चौदा राज्ये मिळून आजच्या २८ पैकी निम्मी भरतात, याची खंत मोठ्या राज्यांना वाटते. छत्तीसगढसारख्या मध्यम राज्याला मात्र ही समता उपयोगाची आहे. राज्यसभेत महाराष्ट्राच्या १९ आणि उत्तर प्रदेशाच्या ३१ सदस्यांपुढे त्याचे पाचच आहेत. अनुसमर्थनात ते कुणापेक्षा कमी नाही.

बाहेरचे देश दोन्ही बाजूंना साक्षीला येतात. अमेरिकेत तीन-चतुर्थांश, म्हणजे ५० पैकी ३८ राज्ये लागतात. तिथे १७८९ साली मांडलेली एक दुरुस्ती १९९२ मध्ये पूर्ण झाली, आणि स्त्री-पुरुष समानतेची १९७२ ची दुरुस्ती मुदत व माघारीच्या वादात अडकून पडली. कॅनडात लोकसंख्येचाही हिशेब आहे: दहापैकी सात प्रांत आणि त्यांत देशाची निम्मी लोकसंख्या. ऑस्ट्रेलियात संमती विधिमंडळे देत नाहीत, मतदार देतात, आणि देशभर बहुमत मिळून सहापैकी चार राज्यांतही बहुमत लागते. १९०१ पासून तिथे ४५ प्रस्ताव मतदाराकडे गेले, आठच संमत झाले. आपल्याकडे राज्यांच्या संमतीअभावी एखादी दुरुस्ती अडून राहिल्याचे उदाहरण नाही. काहींना यात समजूतदारपणा दिसतो, काहींना दुबळेपणा. माझ्या मते संसदेत विशेष बहुमत जमवू शकणाऱ्या पक्षांची बहुतेक वेळा निम्म्या राज्यांतही सत्ता असते, हे त्याचे साधे कारण आहे.

जे सुटलेले नाही

पहिला प्रश्न कक्षेचा. २०१९ ची राखीव जागांची मुदतवाढ राज्यांकडे गेली. २०२३ ची महिला आरक्षणाची १०६ वी दुरुस्ती लोकसभा आणि विधानसभा दोन्हींना लागू असूनही गेली नाही. संसदेने ती २१ सप्टेंबरला पूर्ण केली आणि २८ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही झाली. केंद्राच्या मते परंतुकातला कोणताच विषय तीत नव्हता. काही अभ्यासकांच्या मते, आधीच्या प्रथेशी हे जुळत नाही. एकत्रित निवडणुकांचे १२९ वे घटनादुरुस्ती विधेयक १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत मांडले गेले आणि संयुक्त समितीकडे गेले. रामनाथ कोविंद समितीने मार्च २०२४ च्या अहवालात म्हटले होते की लोकसभा-विधानसभा एकत्र घ्यायला राज्यांची संमती लागत नाही, पालिका-पंचायती आणि सामाईक मतदार यादी यांसाठी लागते. अनुच्छेद १७२ यादीत नाही, हा या मताचा आधार. उलट बाजू ९७ व्या दुरुस्तीच्या निकालावर बोट ठेवते: कलमाचा क्रमांक पाहू नका, राज्याच्या अधिकारावर होणारा परिणाम पाहा. १९६५ चा गाभ्याचा दंडक आणि २०२१ चा परिणामाचा दंडक एकमेकांशी कसे जुळवायचे, हे मोठ्या घटनापीठाने अजून सांगितलेले नाही.

दुसरा प्रश्न माघारीचा. सरकार बदलल्यावर विधानसभा आधी दिलेली संमती मागे घेऊ शकते का? नाकारलेली संमती नंतर देऊ शकते का? संमतीला कालमर्यादा आहे का? संविधान तिन्ही बाबतींत गप्प आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३९ साली हे प्रश्न राजकीय म्हणून काँग्रेसवर सोडले. कॅनडाने १९८२ च्या संविधानात तीन वर्षांची मुदतच लिहून ठेवली. आपल्याकडे अनुसमर्थने महिनाभरात आटोपतात म्हणून हे प्रश्न उभे राहिले नाहीत. वादग्रस्त विधेयक आले आणि मोजणी निम्म्याच्या काठावर अडली, तर पहिल्याच आठवड्यात ते उभे राहतील.

तिसरा प्रश्न आदिवासी भागांचा, आणि छत्तीसगढसाठी तो सर्वांत जवळचा आहे. पाचवी अनुसूची संसद साध्या बहुमताने बदलू शकते. पंचायतींचा भाग अनुसूचित क्षेत्रांना लागू करणारा १९९६ चा पेसा कायदाही संसदेने अशाच अधिकारात केला. त्या वेळी याचा फायदा झाला: ग्रामसभेला अधिकार देण्यासाठी राज्यांच्या संमतीची वाट पाहावी लागली नाही. छत्तीसगढने पेसाचे नियम केले ते मात्र २०२२ साली. ज्या सोप्या वाटेने अधिकार आले, त्याच वाटेने ते जाऊही शकतात. या वाटेवर राज्याची किंवा आदिवासी सल्लागार परिषदेची संमती असावी का, याची गंभीर चर्चा अजून व्हायची आहे.

यादी वाढवणे किंवा निम्म्याचे दोन-तृतीयांश करणे सोपे नाही. अनुच्छेद ३६८ बदलायलाही अनुसमर्थन लागते, आणि स्वतःची ताकद कमी करणारे विधेयक कोणतीही संसद आपणहून आणणार नाही. पण कक्षेचा वाद असलेल्या विधेयकावर, सही होण्याआधी, राष्ट्रपतींमार्फत अनुच्छेद १४३ खाली सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवता येते. ९७ व्या दुरुस्तीला ते केले असते तर नऊ वर्षे वाचली असती. आणि अनुसमर्थनाचा ठराव मांडण्यापूर्वी विधेयक आमदारांना तीन आठवडे आधी द्यावे, त्याच्या राज्यावरील परिणामांची टिपणी समितीने सभागृहात ठेवावी, एवढे तर रायपूरला, मुंबईला किंवा पणजीला उद्याच करता येईल. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. विधानसभेच्या कामकाज नियमांत एक नियम घातला की पुरे.